पंचेचाळीसची उशी

मशीनवाल्याच्या शेडमध्ये शिरताना अण्णांनी धाकट्याकडे पाहिलं नाही, आणि धाकट्याने अण्णांच्या हातातल्या पिशवीखेरीज कशाकडे पाहिलं नाही. पिशवीत काय आहे ते त्याला लगेच कळलं. पिशवीच्या तोंडातून एक तिरपी कड वर आली होती. तेलाने आणि हातांनी काळवंडलेली, कोपऱ्यावर किंचित झिजून गोलावलेली. पंचेचाळीसची उशी. साक्षीदाराला सोबत घेऊन कोर्टाची पायरी चढावी, तसे अण्णा तिला घेऊन आले होते.

कितीतरी वर्षांनी सगळं घर एका छपराखाली आलं होतं, आणि ते छप्पर परक्याचं होतं. आई गेल्यापासून घर आत्याच्या आवाजावर चालत असे. जिने-खिडक्यांच्या कारखान्यातही निम्मा वाटा तिचा असल्यामुळे अधूनमधून कारखानाही त्याच आवाजावर चाले. धाकट्याला निरोप तिनेच धाडला होता : "मशीन घ्यायला सगळे चाललेत. तू आला नाहीस तर तुझा बाप आणि तुझा भाऊ पुन्हा उभीच घेतील. मग बस जन्मभर त्या भाड्याच्या खोलीत, आणि दे दुसऱ्याच्या लाकडाला कोन."

उभी की कलती, एवढाच प्रश्न होता. उभ्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे पाती धरून गरगरणारा तो पोलादी दांडा, कायम ताठ. तिरपा काप हवा असेल तर लाकडालाच तिरपं व्हावं लागे. त्याच्याखाली उतरत्या पाठीचा ठोकळा सरकवावा लागे. घरात त्या ठोकळ्याला उशी म्हणत. प्रत्येक कोनाची उशी वेगळी : पंचेचाळीस अंशांची एक, तिसाची दुसरी. कारखान्याची एक अख्खी भिंत त्या उश्यांनी भरली होती, आणि कुठल्या कठड्याला कुठली लागते हे अण्णा आणि थोरला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. कलत्या मशीनवर मात्र लाकूड निवांत सपाट पडून राही, आणि चाक फिरवलं की स्पिंडलच हवा तेवढा झुके. तसली मशीन चालवणारा घरात एकच होता, आणि तो घरात राहत नव्हता. कलती आली तर त्याला परत बोलावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. उभी आली, तर त्याच्यावाचून कोणाचं काहीच अडत नव्हतं.

शेडच्या छतातल्या दुधी पत्र्यांतून फिकट उजेड झिरपत होता. नव्या रंगाचा आणि वंगणाचा वास दाटला होता. बाहेरून ट्रक गेला की फरशी हलके थरथरे आणि झाकलेल्या मशीन्सची प्लास्टिकं श्वास घेतल्यासारखी हलत.

"या साहेब, या. आधी बसा, पाणी घ्या," मशीनवाला म्हणाला. त्याचं बोलणं इतकं चकचकीत होतं, की खुर्चीत टेकायच्या आत आत्याने त्याचं नाव 'पॉलिश' ठेवून टाकलं.

"पाणी नंतर. उभी कुठली?" अण्णांनी विचारलं.

"उभी आहे, कलती आहे, आणि ती पलीकडची बघा. तिला कॉम्प्युटर आहे. आपण फक्त आकडा सांगायचा, ती ऐकते."

"सांगितलेलं ऐकणारं आमच्या घरात आजवर कोणी टिकलं नाही," आत्या म्हणाली. "तिला नका आणू मध्ये."

वहिनीला हसू आलं. थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं, की ते हसू ओठांवरच वाळून गेलं.

"आपण कामाला आलोय," तो म्हणाला.

"कामाचंच बोलते मग," वहिनी म्हणाली. ऑफिस ती सांभाळायची. गिऱ्हाइकाचा फोन पहिला तिच्या कानावर आदळे. "अहो, आठ कोपऱ्यांच्या खिडक्यांचं काम आपल्या हातून गेलं. का गेलं? नवा कोन म्हटला की आधी नवी उशी तासायची, ती बसते का बघायची, नाही बसली तर पुन्हा तासायची. तेवढ्या वेळात लोक दुसरीकडे जातात. कलती घ्या."

"लाकडाला हात कोण लावतं? तू की मी?"

"हात तुम्ही लावता. शिव्या मी खाते."

"झुकणारी वस्तू कधी ना कधी ढिली पडते," थोरला म्हणाला. तो बोलत होता वहिनीशी, पण शब्द धाकट्याच्या अंगावर फेकत होता. "उभी म्हणजे उभी. तिच्यात सुटण्यासारखं काही नाही. ह्याला विचार. बाहेर कलतीवरच काम करतो ना? विचार, ढिली पडते की नाही."

सगळे धाकट्याकडे वळले. एवढ्या नजरा एकदम अंगावर आल्या की त्याची मान आपोआप खाली जाई, लहानपणापासूनची खोड. आताही गेली.

"पडते," तो म्हणाला. "कोन पक्का करणारं कुलूप नीट आवळलं नाही, तर कापता कापता सरकते."

"बघा! आपल्याच तोंडाने सांगतोय."

"म्हणून रोज तपासायची, एवढंच. तपासावी कुठलीही लागते. उभीसुद्धा."

"आमची मशीन मी कधी तपासली नाही," अण्णा म्हणाले. आल्यापासून धाकट्याला उद्देशून बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. "आणि तिने मला कधी दगा दिला नाही."

धाकट्याचा डावा गाल तापला. त्या गालाला आठवणी वेगळ्या होत्या, त्याच्या मनाहून अधिक हट्टी.

काही वर्षांपूर्वी, धाकटा घरातच होता तेव्हा, एका वाचनालयाचा जिना त्यांच्याकडे आला होता. कठड्याचा कोन भिंतीवरच्या कुठल्याच उशीत बसेना. अण्णा कामासाठी बाहेर होते. धाकट्याने स्वतःच नवी उशी केली. कोनमापक लावून, पुन्हा लावून, रंध्याचा शेवटचा हात श्वास रोखून मारून. आयुष्यात इतकी निर्दोष वस्तू त्याने केली नव्हती. आणि तिच्यावर कापलेल्या कठड्याचे सांधे जिन्यावर चढवल्यावर एकामागून एक उघडले. वाचनालयाचा माणूस कारखान्याच्या दारात येऊन ओरडून गेला. मग अण्णांनी ती उशी उचलली, कोनमापकावर धरली, उजेडाकडे वळून बराच वेळ पाहिली, खाली ठेवली, आणि सगळ्या कामगारांसमोर मुलाच्या कानशिलात मारली. "उशी बरोबर आहे," एवढंच तो म्हणू शकला होता. त्यावर थोरला हसला होता. "मग काय, मशीन वाकडी? नाचता येईना म्हणे अंगण वाकडं!" कामगारही हसले. त्याच दिवशी धाकट्याने आपली पेटी उचलली.

आजवर त्याने तो दिवस शेकडो वेळा उलगडून पाहिला होता, आणि दर वेळी आपल्या उशीवर संशय घेतला होता. मशीनवर त्याने एकदाही घेतला नव्हता. त्या घरात मशीनवर संशय घेणं म्हणजे अण्णांवर घेणं.

"वाद पुरे," अण्णांनी पिशवीतून उशी काढली. "हिला लावून काप. ज्या मशीनवर हिचा सांधा बसेल, ती माझी. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"कलतीला उशी लागतच नाही, साहेब," पॉलिश म्हणाला.

"मग प्रश्नच मिटला."

थोरल्याने बाह्या वर सारल्या. उभी मशीन नवीकोरी, जड, गंभीर होती. त्याने उशी टेबलावर दाबून बसवली, तिच्या उतारावर लाकडाची पट्टी धरली आणि स्पिंडल सुरू केला. शेडभर किंकाळीसारखा आवाज भरला. भावाचे हात पाहताना धाकट्याला नकळत बरं वाटलं. रागातसुद्धा ते हात सुंदर चालत. लाकडाला ढकलत नसत, नेत असत. दोन पट्ट्या कापून झाल्या. मशीन थांबली. थोरल्याने पट्ट्यांची तिरपी टोकं एकमेकांना भिडवून कोपरा जुळवला आणि अण्णांपुढे धरला.

कोपरा बाहेरून मिटला होता. आतून मात्र त्यात फट होती. बारीक, पण नखाची कड शिरेल इतकी.

थोरल्याने पट्ट्या पुसल्या, भुशाचा कण शोधला, पुन्हा जुळवल्या. फट तिथेच होती.

"मशीन वाकडी आहे तुमची!" तो गरजला.

पॉलिशचं पॉलिश पहिल्यांदा उडालं. "वाकडी? कारखान्यातून आलेली मशीन आहे ही. कालच बसवली."

"कालच बसवली म्हणूनच विचारतो. कोणाला फसवता? ह्या उशीवर आमची हयात गेली. हिचा सांधा कधी उघडला नाही!"

"एक मिनिट." पॉलिशने कपाटातून पोलादी गुण्या आणला, मशीनची वीज तोडली, गुण्याचा एक पाय टेबलावर आणि दुसरा स्पिंडलला टेकवला, आणि मागे बॅटरी धरली. "या, बघा. वाकडी असती तर मधून उजेड आला असता. येतोय? ह्या बाजूने बघा. आता त्या बाजूने."

थोरला वाकला. त्याने बराच वेळ डोळा लावला. मग तो सरळ झाला. वहिनीने पाहिलं, धाकट्याने पाहिलं. गुण्या आणि दांडा यांच्यामध्ये अंधाराची एक अखंड रेघ होती.

"मशीन सरळ आहे," वहिनी सावकाश म्हणाली. "मग..."

"मग काय?"

"मग उशी वाकडी आहे."

आजवर त्या घरात असं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. थोरला तिच्या अंगावर धावून जाईल की काय असं क्षणभर वाटलं. "जीभ आवर! अण्णांची उशी आहे ती."

"अण्णांची आहे म्हणून काय ती लाकडाची नाही?"

धाकट्याने कोनमापक उचललं. अण्णा म्हणाले, "ठेव ते." त्याने ठेवलं नाही. त्याने उशीचा उतार मापकावर धरला आणि आकडा वाचला, आणि त्याच्या आत काहीतरी मोठ्याने बंद झालं; वाऱ्याने दार आपटावं तसं. राग तापून चढतो असं म्हणतात. त्याचा थंड आला. पायांतून, फरशीतून वर आला.

"दीड अंशाने कमी आहे," तो म्हणाला. मान खाली गेली नव्हती. त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आपल्या मशीनवर हीच उशी बरोबर कापते. म्हणजे आपली मशीन दीडने झुकलेली आहे, आणि ही तेवढीच उलट तासलेली आहे. भिंतीवरच्या सगळ्या तशाच असणार. त्या आणि मशीन मिळून सरळ होतात. एकटं कोणीच सरळ नाही."

त्याने मापक मिटलं आणि उशी टेबलावर ठेवली.

"माझी उशी सरळ होती. म्हणून माझे सांधे उघडले. दादा, माझी उशी कुठे आहे?"

"कुठली?"

"वाचनालयाची."

थोरल्याने नजर चुकवली. "ऑफिसच्या दाराला. वाऱ्याने दार आपटतं म्हणून खाली सारलीय."

"मला माहीत नव्हतं हो, भावजी," वहिनी पुटपुटली. "रोज पायाने सारते मी ती."

धाकटा अण्णांकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं."

"आवाज खाली. परक्याच्या दारात आहेस."

"परक्याच्याच दारात बरा आहे. त्या दिवशी आपल्या दारात होतो." तो एक पाऊल पुढे आला. "तुम्ही माझी उशी मापकावर धरली होती. उजेडाकडे वळला होतात. मला वाटायचं, माझी चूक किती मोठी आहे ते बघताय. तुम्ही बघत होता की उशी बरोबर आहे. ते बघितलंत, उशी खाली ठेवलीत, आणि मग मारलंत."

"अरे, मशीन जुनी आहे. काळाने झुकली असेल," थोरला मध्ये पडला. "अण्णांना कसं..."

"काळाने नाही झुकली," आत्या म्हणाली. "गाड्यावरून पडली."

"तू गप्प बैस!" अण्णांचा आवाज पत्र्यावर जाऊन आपटला.

"गप्पच बसलेय. दोन वेण्या घालत होते तेव्हापासून गप्प बसलेय. तुझ्या बायकोलासुद्धा ताकास तूर लागू दिला नाही." ती खुर्चीतून उठली. "आबांनी, आमच्या वडिलांनी, ती मशीन घेतली, आणि आणायला ह्याला धाडलं. मी कट्ट्यावर बसून बघत होते. हा गाड्याच्या मागून दोर धरून येत होता, लगाम धरल्यासारखा. गल्लीतले सोबती दिसले, तर एक हात सोडून त्यांना दाखवायला लागला : बघा, आमची मशीन! चाक दगडावर चढलं. गाडा कलला. एका हाताला काय झेपतंय? पडली तोंडावर. सोबत्यांनी मिळून उचलली, रंग उडाला होता तिथे काजळी फासली. आणि मला दम दिला, आबांना सांगितलंस तर बघ. मला वाटलं रंगच गेलाय. आतून वाकलीय हे मला आज कळतंय, बाबा. आज!"

अण्णा उभ्या मशीनला टेकले. टेकल्यावर त्यांना कळलं असावं की आपण टेकलो आहोत. ते पुन्हा ताठ झाले.

"सांगायला गेलो होतो," ते म्हणाले. सूर अजूनही भांडणाचाच होता. "आबांना सांगायला गेलो होतो. ते तिला फडक्याने पुसत होते. देवाला पुसावं तसे. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारलेला माणूस. पहिली वस्तू त्याच्या नावाची. काय सांगू? मग कापायला घेतलं तर सांधा बसेना. मी रातोरात एक उशी तासली. डोळ्याने तासली, उघडत होता तेवढी आत घेतली. सकाळी सांधा मिटला. आबांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, हात आहे पोराला." त्यांनी मुठी आवळल्या. "त्या एका शब्दावर उभा आहे मी. तुम्ही सगळे त्यावर उभे आहात. कारखाना त्यावर उभा आहे. काय म्हणायचं होतं मी, आणि कोणाला? आबा तर गेले तिला पुसता पुसता."

"मला म्हणायचं होतंत," धाकटा म्हणाला. "मला. आबांचा हात तुमच्या पाठीवर पडला, म्हणून तुमचा माझ्या तोंडावर पडायचा?"

"तू मला न विचारता उशी केलीस!"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

अण्णांनी पाठ फिरवली. बाहेर एक ट्रक गेला, फरशी थरथरली, प्लास्टिकं हलली, स्थिर झाली.

अनपेक्षितपणे बोलला तो थोरला. आवाज फाटलेला होता. "आणि मला? मी तर रोज विचारत होतो. प्रत्येक नवी उशी तुमच्याशेजारी उभा राहून केली. तुम्ही म्हणायचात, मापकाच्या नादी लागू नको, जरा आत घे, डोळ्याने घे. मी म्हटलं, ही कला आहे. मान खाली घालून शिकलो. भिंतभर उश्या पाठ केल्या. वाटायचं, हे फक्त मला येतं, ह्याला येत नाही..." त्याने हातातल्या दोन्ही पट्ट्या टेबलावर आदळल्या. "तुमचा पडलेला गाडा शिकत होतो मी! आज एका नव्या मशीनपुढे उभं राहिलो, तर ह्यातलं काय माझ्या कामाचं आहे, सांगा! काय उरलं?"

"हात," धाकटा म्हणाला.

तो मऊपणाने म्हणाला नव्हता. केवळ खरं होतं म्हणून म्हणाला. थोरल्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"तू हसला होतास, दादा."

"हसलो होतो," थोरला म्हणाला, आणि नजर वळवली नाही.

एवढ्यात अण्णा हलले. त्यांनी उशी उचलली आणि शेडच्या कोपऱ्यात जिथे कचऱ्याचं लाकूड फोडायची कुऱ्हाड ठेवली होती तिकडे ते भराभर चालू लागले. म्हातारपणात त्यांची चाल एवढी वेगवान कोणी पाहिली नव्हती. "हिच्यापायी सगळं ना? हिलाच फोडतो. सगळ्या फोडतो. भिंत मोकळी करतो उद्या. झालं समाधान?"

धाकट्याने त्यांना कुऱ्हाडीपाशी गाठलं आणि उशी दोन्ही हातांनी धरली. बाप आणि मुलगा यांच्यामध्ये ते काळवंडलेलं लाकूड क्षणभर ताणलं गेलं. कितीतरी वर्षांत ते एकमेकांच्या इतके जवळ उभे राहिले नव्हते. अण्णांच्या भुवयांत पांढरं किती झालंय ते धाकट्याला दिसलं, आणि ते दिसल्याचाही त्याला राग आला.

"हिला फोडून सुटायचं नाही," तो म्हणाला. "हिने काय केलं? तुम्ही जशी वाकवलीत तशी राहिली. एकदाही खोटं बोलली नाही. ही भिंतीवर टांगायची. माझी दाराखालून काढून हिच्या शेजारी टांगायची. येता-जाता दोघी दिसल्या पाहिजेत."

"सोड."

"नाही सोडत. आणि दुसरं ऐका. कलती घ्या, उभी घ्या, तुमची मर्जी. मी नुसता मशीन चालवायला येणार नाही. गडी म्हणून कुठेही मिळतो मी. ज्यांच्यासमोर मारलंत, त्यांच्यासमोर सांगायचं. उशी सरळ होती, मशीन वाकडी होती. तुमच्या तोंडाने. नाहीतर ही आपली शेवटची भेट."

अण्णांचे हात सैल झाले. उशी धाकट्याकडे आली. तो तिला छातीशी धरून उभा राहिला, आणि ते लाकूड बापाच्या हाताने अजून ऊबदार होतं.

पॉलिश चाचरत पुढे आला.

"साहेब, मग... उभी काढू की कलती?"

"थांब रे," आत्या म्हणाली. "आमच्याकडे कलायला लोखंडाला लागत नाही एवढा वेळ माणसाला लागतो."

अण्णा उभ्या मशीनवरून गेले. कॉम्प्युटरच्या मशीनवरून गेले. कलतीपाशी येऊन थांबले. आधीच्या कोणा गिऱ्हाइकाला दाखवताना तिचा स्पिंडल झुकवून तसाच ठेवला होता. अण्णांनी चाकावर हात ठेवला, पण ते फिरवलं नाही.

"हिला सरळ कशी करतात?" त्यांनी विचारलं.

पॉलिश लगबगीने पुढे निघाला. वहिनीने आडवा हात घालून त्याला थोपवलं.

अण्णांनी मान वळवली. ह्या वेळी त्यांनी धाकट्याकडेच पाहिलं. "तुला विचारतोय. दाखव."

धाकटा लगेच हलला नाही. राग गेला नव्हता. तो जाईल असंही त्याला वाटत नव्हतं. पण इतकी वर्षं तो राग पाठमोऱ्या माणसावर होता, आणि आज त्या माणसाने तोंड वळवलं होतं. त्याने उशी आत्याकडे दिली, पॉलिशच्या हातातून गुण्या आणि बॅटरी घेतली आणि गुण्या अण्णांपुढे धरला.

"धरा. एक पाय टेबलावर, दुसरा स्पिंडलला. डोळा टेबलाच्या पातळीला आणा. अजून खाली."

अण्णा गुडघ्यांवर बसले. गुडघे कुरकुरले. थोरला आधार द्यायला वाकला, आणि धाकट्याने मानेनेच नको म्हटलं. त्याने मागून बॅटरी धरली.

"फट दिसते?"

"दिसते."

त्याने चाक फिरवलं. "आता?"

"अजून आहे. बारीक." अण्णांचा श्वास पोलादावर धुकं धरत होता. "एवढीच दिसायची आपल्या मशीनवर. एवढीच."

"मोठ्याने."

अण्णांचा खांदा ताठरला. आता ते उठतील, गुण्या भिरकावतील आणि निघून जातील, असं वहिनीला वाटलं. ती दोन पावलं मागे सरली. अण्णा उठले नाहीत. त्यांनी डोळा फटीवरून काढला, मान वर केली आणि शेडमधल्या सगळ्यांकडे, त्या परक्या मशीनवाल्याकडेसुद्धा, पाहिलं.

"आमची मशीन वाकडी होती," ते म्हणाले. आवाज कापत होता, पण पत्र्यापर्यंत पोचला. "ह्याची उशी सरळ होती. मला माहीत होतं."

धाकट्याने चाक आणखी किंचित फिरवलं. गुण्या आणि दांड्यामधली उजेडाची रेघ बारीक होत गेली, केसाएवढी झाली, आणि मिटली. मग त्याने कुलूप आवळलं. जरुरीपेक्षा जास्त जोर लावून, बोटं पांढरी होईपर्यंत.

"उद्या हेच कारखान्यात," तो म्हणाला.

"उद्या," अण्णा म्हणाले, आणि उठण्यासाठी हात वर केला. तो हात कोणासाठी होता हे त्यांनी सांगितलं नाही. थोरल्याने एक कोपर धरलं. क्षणभराने धाकट्याने दुसरं.

आत्याने उशी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड वळून घट्ट केलं आणि ती पॉलिशकडे वळली.

"कलती चढवा गाडीवर. आणि दोर चांगला जाड द्या हो. आमच्या घरात एका हाताने धरायची खोड आहे."

कोणी हसलं नाही. पण दोर आला, तेव्हा त्याचं टोक अण्णांनी मागून घेतलं, आणि ते मनगटाला दोनदा गुंडाळून दोन्ही हातांनी धरलं.